गुलमर्गमध्ये बर्फ पडला नाही की तंगमर्गचं काय होतं?

गुलमर्गचे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील, पांढरे उतार, वर जाणारा गोंडोला म्हणजे केबल कार, आणि गर्दीत हमखास ऐकू येणारं मराठी. पण आपण सुरुवात करूया तेरा किलोमीटर खालून, तंगमर्गपासून, कारण वर राबणारी बरीच माणसं इथली आणि आसपासच्या गावांतली आहेत.

इथे रस्त्यालगतच्या दुकानांत गमबूट आणि लांब कोट भाड्याने मिळतात, बर्फ जास्त असला की बाहेरच्या गाड्या इथेच थांबतात आणि चाकांना साखळ्या लावलेल्या लोकल गाड्या पुढे नेतात, वर पोचलं की घोडेवाले, चहा-मॅगीवाले, स्की भाड्याने देणारे, शिकवणारे, आणि स्लेजवाले. स्लेज म्हणजे काय, लाकडी फळ्यांची बुटकी घसरगाडी, पुढे दोरी. पर्यटक बसतो आणि फेरन, म्हणजे लांब काश्मिरी झगा घातलेला माणूस ती दोरी खांद्यावर घेऊन चढ चढतो, पाय घोट्यापर्यंत बर्फात.

गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ चा. दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, तो थेट अफरवट डोंगरावर उंच नेतो आणि त्याच्यामुळे जगभरातले स्कीअर इथे यायला लागले. एका दिवसासाठी आलेला पर्यटक संध्याकाळी श्रीनगरला परत जातो, स्कीअर मात्र आठवडा-आठवडा राहतो, त्याचं हॉटेल, जेवण, गाइड सगळं इथलंच, त्यामुळे नुसती पर्यटकांची संख्या बघून गावात किती पैसा राहिला ते कळत नाही असं मला वाटतं.

आणि हे सगळं टिकून आहे चिल्लई कलांवर, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या कडक थंडीच्या चाळीस दिवसांवर. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, उतारांवर वाळलेलं गवत दिसत होतं, बुकिंग रद्द झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फ कमी म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. हॉटेलवाला उन्हाळ्याच्या गर्दीची वाट बघू शकतो, स्लेजवाल्याचं काय? त्यात हाच बर्फ वितळून खालच्या ओढ्यांना, सफरचंदाच्या बागांना पाणी मिळतं, म्हणजे ज्याच्या घरी स्लेजही आहे आणि थोडी बागही, त्याला एकाच हिवाळ्याचा फटका दोनदा बसतो.

गोंडोला सरकारी महामंडळाचा आहे. तिकिटाच्या पैशातला थोडा हिस्सा कोरड्या हिवाळ्यांसाठी ह्या लोकांच्या नावाने बाजूला ठेवायलाच हवा, आणि तोही पुढचा जानेवारी यायच्या आत.