भात पिवळं पडलंय, काय मारू?

नमस्कार मंडळी. फोंडा, सत्तरी, डिचोली, पेडणे, सगळीकडनं लोक आलेत, बरं वाटलं. इथल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर शेतीचे नाहीतर खाण्यापिण्याचे ग्रुप असणारच, त्यामुळे ग्रुप म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही, सरळ विषयाला येतो: अशा ग्रुपवर एकमेकांशी बोलायचं कसं.

जुलै आला की एक फोटो येतोच. भाताची पिवळी पात, आणि खाली एवढंच, भात पिवळं पडलंय, काय मारू? पाच मिनिटांत उत्तरं सुरू. एक म्हणतो युरिया, दुसरा झिंक, तिसरा थेट बुरशीनाशकाचं नाव टाकतो, आणि चौथा म्हणतो केमिकल मारता म्हणूनच असं होतं, जीवामृत घाला. चौघंही मनापासून सांगतायत, मला त्यात शंका नाही, पण शेत कुठलं हे कुणी विचारलंच नाही. मरड म्हणजे उंचावरचं, खेर म्हणजे मधलं रेताड, का खाजन म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं? आपल्या गोव्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय भाताबद्दल बोलताच येत नाही. मरडावर जोराचा पाऊस नत्र धुऊन नेतो, तिथे थोडा युरिया कामाला येईलही. सखल भागात जिथे डोंगराकडचं लाल पाणी येऊन साचून राहतं तिथे लोह जास्त होतं, पातीवर तपकिरी ठिपके येतात, तिथे युरियाआधी पाण्याचा निचरा बघायला हवा. आणि खाजनात कदाचित बांधाला भगदाड पडून खारं पाणी आत आलेलं असेल. बियाणं कुठलं तेही विचारायला हवं, कोरगुट खारटपणा बराच सोसतो, जुन्या गोव्याच्या आयसीएआर कृषी संशोधन संस्थेनं काढलेले गोवा धान वाण सोसतात, जया-ज्योती तेवढं सोसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की शेतीच्या ग्रुपवर आदर म्हणजे नुसतं बाब, भाऊ, ताई लावून बोलणं नव्हे. ते हवंच. पण खरा आदर म्हणजे समोरच्याची जमीन आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे धरून चालायचं, आणि सांगण्याआधी विचारायचं. कारण राजकारणाच्या ग्रुपवर कुणी काही बोललं तर ते तिथेच राहतं, इथे तुम्ही सकाळी लिहिलेलं संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी शेतात पडलेलं असतं, आणि ते पैसे त्याच्या खिशातनं गेलेले असतात.

आता कुळागरवाल्यांसाठी, म्हणजे सुपारीच्या बागा असलेल्यांसाठी. पोफळीच्या कोळेरोगावर, म्हणजे सुपारी कुजून गळते त्यावर, बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सगळ्यांना माहीत आहे, आणि पावसाच्या तोंडाशी कुणीतरी ग्रुपवर प्रमाण विचारतंच. उत्तर येतं, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हे चुकीचं नाही हो! पण ही पेस्ट झाली, खोडाला लावायची. घडांवर फवारायचं तर तेवढ्याच मोरचूद-चुन्याला शंभर लिटर पाणी लागतं. ज्यानं लिहिलं त्याला कदाचित पेस्टच हवी होती कधीतरी, त्यानं मेसेज सेव्ह करून ठेवला, आणि तोच पुढे ढकलला. म्हणून प्रमाण लिहायचं तर पूर्ण लिहा. कशासाठी, किती पाण्यात. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचा नाही, प्लॅस्टिकच्या पिंपात भिजवायचा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ढवळत ओतायचं. मग घासून चकचकीत केलेली सुरी मिनिटभर त्यात बुडवून बघायची, पात्यावर तांबडा थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा, नाहीतर कोवळी सुपारी करपते. आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. हे सगळं टाइप करायला कंटाळा येतो, मान्य आहे. मग व्हॉइस मेसेज टाका, पण अर्धवट टाकू नका.

व्हॉइस मेसेजवरनं आठवलं. आपल्यातली जुनी माणसं टाइप करत नाहीत, बोलतात, अर्धं कोकणी अर्धं मराठी, मध्येच गुरांना हाक मारतात, चार मिनिटांचा मेसेज असतो आणि तो कुणी ऐकत नाही. ऐका. त्या चार मिनिटांत कधीकधी असं काही असतं की कुठल्या पीडीएफमध्ये सापडणार नाही. आणि कुणी रोमी लिपीत लिहितं, कुणाचं शुद्धलेखन कच्चं असतं, तिथे भाषा सुधारायला जाऊ नका, माणूस गप्प होतो आणि परत बोलतच नाही. बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती रानफळं कुठे मिळतात, अळसांदे (चवळी) कधी पेरायचे, तांबड्या भाजीचं बी कसं राखायचं हे त्यांना ठाऊक, पण ग्रुपवर बोलतात सगळे पुरुषच. का, ते आपणच बघायला हवं.

सगळ्यात अवघड भांडण खाजनाचं. एकाच ग्रुपवर भात पेरणारे असतात आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, मासळीसाठी पावणीत (लिलावात) घेतलेला माणूसही असतो. मानशीची दारं भरतीच्या दाबानं बंद होतात आणि ओहोटीला उघडतात, ही रचना आपल्या वाडवडिलांची. मासळीसाठी दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर खारं पाणी शेतात येतं, हा राग खरा आहे, नुकसानही खरं आहे. पण रात्री साडेदहाला नाव घेऊन चोर म्हटलं की पुढे पन्नास मेसेज येतात आणि बांध तसाच राहतो. त्याऐवजी फोटो काढा, तारीख आणि वेळ लिहा, भरती किती वाजता होती ते टाका, आणि आधी त्या माणसाला फोन करा. कधी दारच कुजलेलं असतं, मग तो प्रश्न खाजनाचे बांध-दारं सांभाळणाऱ्या टेनंट्स असोसिएशनचा होतो, त्या माणसाचा नाही. हे ग्रुपवर मांडताना भाटकार (जमीनमालक), कूळ, मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर असलेला) असे जुने हिशेब मध्ये आणू नका, ते मिटवायची जागा वेगळी आहे.

खाण्याबद्दल थोडं बोलतो, कारण तिथे जीभ फार लवकर सुटते. कुणी माशाचा फोटो टाकला की शाकाहारी माणसानं शिकवू नये, आणि कुणी सोमवार पाळतो म्हटलं की त्याला हिणवू नये. दुसऱ्याच्या ताटात काय आहे हा आपल्या चर्चेचा विषयच नाही. ताटातलं सुरक्षित आहे का, हा विषय आहे, आणि तिथे तर जास्तच जपायला हवं. 2018 च्या जुलैमध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरतात असं प्रकरण झालं, आठवत असेल. तपासणीच्या बातम्या उलटसुलट येत होत्या, सरकारनं बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. काळजी रास्त होती, विचारायलाच हवं होतं. पण कुठल्या बाजारात, कुठल्या तारखेला, कुणी तपासलं, यातलं काहीच नसलेले फोटो आणि व्हिडिओ फिरत होते. त्याचा फटका बसतो टोपली घेऊन बसलेल्या बाईला, आणि ती तुमच्या ग्रुपवर नसते, तिला खुलासा करता येत नाही.

अळमी, म्हणजे रानातली अळंबी, तर फोटोवरनं ओळखूच नका. पावसात दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, ही खायची का? वरनं काढलेल्या फोटोत दांडा दिसत नाही, मूळ दिसत नाही, ती रोयणीवर (वारुळावर) आली होती का कुजक्या लाकडावर ते कळत नाही. खात्री नसेल तर "खाऊ नका, जाणत्या माणसाला हातात देऊन दाखवा" एवढंच लिहा. आणि चांगली जागा सापडली तर तिचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी रोयण खणून काढलेली असते.

शेवटी एक विनंती आहे, ॲडमिन मंडळी बसलीत म्हणून. ज्यानं प्रश्न विचारला त्यानं पंधरा-वीस दिवसांनी परत येऊन काय केलं आणि काय झालं ते सांगावं. फरक नाही पडला तरी सांगावं, उलट ते जास्त उपयोगी. ज्यानं सल्ला दिला त्यानं ते मनाला लावून घेऊ नये. असे प्रश्न, उपाय आणि निकाल एकत्र लिहून ठेवले, गाव आणि जमिनीचा प्रकार टाकून, तर पुढच्या सरदाला, म्हणजे पावसाळी हंगामाला, तोच फोटो आला की दाखवायला काहीतरी असेल, आणि विभागीय कृषी कार्यालयात घेऊन जायलाही. या सरदापासून सुरू करूया का? कोण लिहून ठेवणार ते आत्ताच ठरवू, मग तुमचे प्रश्न घेतो.