फिल्टरमधली वक्रता

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांची जी इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रिका केली, तिच्यातला टीबी-३०३ या छोट्या जपानी वाद्याचा चिवट, मुरडत जाणारा खर्ज ज्यांनी ऐकला असेल, त्यांच्या कानांना आजचा विषय अपरिचित नाही. ती मुरड येते फिल्टरमधून, म्हणजे आवाजातल्या काही वारंवारता गाळणाऱ्या सर्किटमधून, आणि तिच्यातला जिवंतपणा त्या फिल्टरच्या अरेषीय वागण्यातून, म्हणजे आत येणाऱ्याच्या सरळ प्रमाणात बाहेर न देण्यातून. हे वागणे संगणकाच्या प्रोग्राममध्ये कसे उतरवायचे, हा आजचा विषय.

रॉबर्ट मूग यांचा शिडी-फिल्टर पाहा. त्यात ट्रान्झिस्टरांच्या जोड्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीवर कपॅसिटर असतो. अशा चार पायऱ्या मिळून कटऑफच्या, म्हणजे गाळणे जिथून सुरू होते त्या वारंवारतेच्या, वरचा आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने दाबतात. मात्र ट्रान्झिस्टरची जोडी सुमारे २५ मिलिव्होल्टपर्यंतच जवळजवळ सरळ वागते. त्यापुढे व्होल्टेज वाढवले तरी प्रवाहाची वाढ मंदावते आणि अखेर ती थांबते; हीच फिल्टरमधली वक्रता. कटऑफच्या वारंवारतेवर प्रत्येक पायरी स्वराला ४५ अंश मागे टाकते, चारींचे मिळून १८० अंश होतात आणि पातळी एक चतुर्थांश उरते, म्हणून उलटा फीडबॅक, म्हणजे बाहेर आलेला आवाज उलटा करून पुन्हा आत सोडणे, चारपट केला की फिल्टर आपणहून गाऊ लागतो. फीडबॅक त्याहून किंचित जरी वाढला, तरी रेषीय गणितानुसार हा स्वर अमर्याद फुगत गेला असता. प्रत्यक्षात त्याला आवरते ती हीच वक्रता.

म्हणूनच साध्या रेषीय फिल्टरच्या पुढे विकृती जोडून हा आवाज मिळत नाही, कारण वक्रता फीडबॅकच्या फेऱ्याच्या आत असावी लागते. अंटी हुओविलाइनेन यांनी २००४ साली या फिल्टरच्या संगणकीय प्रतिकृतीतल्या प्रत्येक पायरीत हायपरबॉलिक टँजंट, म्हणजे मोठ्या मूल्यांना सपाट होत जाणारे वक्र सूत्र, बसवला, हे मला या क्षेत्रातले फार मोलाचे पाऊल वाटते. तरी एक अडचण उरते. सर्किटमध्ये फीडबॅक तत्क्षणी पोहोचतो, प्रोग्राममध्ये मात्र तो एक सॅम्पल, म्हणजे आवाजाची एक मोजणी, उशिरा येतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतले, तर ५,००० हर्ट्झवर एवढ्याने सुमारे ४१ अंशांचा फरक पडतो आणि फिल्टर बेसूर होतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक सॅम्पलला फीडबॅकचे समीकरण न्यूटनच्या, म्हणजे अंदाज सुधारत उत्तराजवळ जाण्याच्या, पद्धतीने सोडवणे.

दुसरा दोष एलियसिंगचा, म्हणजे सॅम्पल-दरात न मावणारा स्वर भलत्याच जागी उमटण्याचा. वक्रतेमुळे ९,००० हर्ट्झच्या स्वरातून २७,००० हर्ट्झचा उपस्वर निघतो. तो त्या सॅम्पल-दरात मावत नाही, म्हणून दुमडून १७,१०० हर्ट्झवर उमटतो, आणि मूळ स्वराशी त्याचे कोणतेच सुरेल नाते नसते. ही गणना दुप्पट किंवा चौपट दराने करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. प्रोसेसरचा वेळ वाचवायचाच असेल, तर टँजंटऐवजी त्याच्याशी जवळून जुळणारे सोपे सूत्र वापरता येते. वाढीव सॅम्पल-दराला मात्र कात्री लावू नये.