लोगोमागचा पगार

[दृश्य: पहाट. गोव्याचा मिरामार किनारा. दांड्यावर रांगेने अडकवलेल्या सायकली.]

ट्रायथलॉन: १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. इथे उतरलेल्या हौशी खेळाडूंनी शूजपासून शर्यतीत खायच्या साखरेच्या जेलपर्यंत सगळं पदरच्या पैशाने घेतलंय. तो पैसा कुठल्या कंपनीकडे गेला, यावर या खेळातल्या व्यावसायिकांचं घर चालतं.

[दृश्य: हवाई, कोना. अंतिम रेषा.]

२०२४ मध्ये कोनाला आयर्नमॅन या ट्रायथलॉनच्या जागतिक स्पर्धेत जर्मनीचा पॅट्रिक लांगे ७ तास ३५ मिनिटं ५३ सेकंदांत जिंकला. पहिलं बक्षीस होतं १,२५,००० डॉलर. पण बक्षिसं पहिल्या पंधरा जणांपुरतीच. सोळाव्याला काही नाही, आणि विमानाचं तिकीट, कोच, फिजिओ यांचा खर्च तोच. अशा पूर्ण अंतराच्या, म्हणजे गोव्याच्या दुप्पट लांबीच्या, शर्यती शरीराला वर्षात मोजक्याच झेपतात. म्हणून प्रायोजकाचा करार हाच पगार.

आणि करार म्हणजे काय, तेही तपासून घ्या. हौशी खेळाडूलाच 'अॅम्बॅसेडर' म्हणून वीस टक्के सवलत देणारी कंपनी प्रायोजक ठरत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर व्यावसायिकांची नावं शोधा आणि ती शर्यतीच्या स्टार्ट लिस्टमध्ये दिसतात का ते बघा.

[दृश्य: क्लोजअप. टायरची कड, त्यावर काळ्या मार्करने झाकलेलं नाव.]

हे दिसलं की नीट बघा. करार एका कंपनीशी आहे, पण शर्यतीला टायर दुसऱ्याचा लावलाय. खेळाडूचा खरा विश्वास कशावर आहे, ते इथे कळतं. लोगो उघडा ठेवून वर्षानुवर्षं तेच सामान वापरलं जात असेल, तर त्या कंपनीला आपले पैसे द्यायला हरकत नाही.

सामान त्यांचं घ्या, आकडे मात्र स्वतःचे ठेवा. हुकलेस रिमवर, म्हणजे टायर अडकवणारी आतली कड नसलेल्या चाकावर, टायरमधल्या हवेचा दाब ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर जाता कामा नये. जुन्या सवयीने १०० पीएसआय भरलेत तर टायर रिमवरून निसटू शकतो.

जेलचंही तसंच. व्यावसायिक तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पचवतात, कारण त्यांनी पोटाला महिनोन्‌महिने सवय लावलेली असते. नुसतं ग्लुकोज आतड्यातून तासाला सुमारे ६० ग्रॅमच शोषलं जातं. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने जातं, म्हणून मिश्रण लागतं. न शोषलेली साखर आतड्यात पाणी खेचते, पोट फुगतं, जुलाब होतात. लांबच्या सरावात तासाला ६० ग्रॅमपासून सुरू करा आणि दर दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढवा. २५ ग्रॅमचं जेल असेल तर ७५ ग्रॅमला तीन लागतात, प्रत्येकाबरोबर पाण्याचे चार-पाच घोट.

सॅडल, गॉगल आणि शूज निवडताना आधी माप. दोन जोड पायाला सारखेच बसले, तर प्रायोजकत्व देणाऱ्या कंपनीचा घ्या. आणि पैसे भरताना खेळाडूचा सवलत कोड टाका. बऱ्याच करारांत त्या विक्रीतला वाटा त्याच्या खात्यात जातो.