भिंतीपलीकडे काय आहे?

पडद्यावर दिसते आहे ती एमआरआयची खोली अजून रिकामी आहे. भिंती, छत आणि जमीन तांब्याच्या पत्र्याने मढवण्याचे काम सुरू असून कारागीर दोन पत्र्यांमधली प्रत्येक सांध झाळून बंद करतो आहे, कारण बाहेरच्या रेडिओ लहरी एखाद्या फटीतून आत शिरल्या तरी एमआरआयच्या प्रतिमेवर रेघा उमटतात.

मात्र या खोलीची जागा पत्रा येण्याच्या कितीतरी आधी नकाशावर ठरावी लागते. एमआरआय यंत्रातले 1.5 टेस्लाचे (टेस्ला आणि गॉस ही चुंबकीय क्षेत्र मोजण्याची एकके) चुंबक काही टन वजनाचे असते; ते पेलणारी जमीन हवी आणि आत आणायला वाटही हवी, नाहीतर नवी भिंत पुन्हा फोडण्याची वेळ येते. चुंबकीय क्षेत्र भिंतीपाशी थांबत नाही, म्हणून 5 गॉसची रेषा, म्हणजे जिच्या आत क्षेत्र धोक्याचे ठरू शकते ती सीमा, वरच्या आणि खालच्या मजल्याच्या नकाशांवरही आखतात, जेणेकरून पेसमेकर बसवलेली व्यक्ती नकळत तिच्या आत येऊ नये. शेजारी लिफ्ट किंवा वाहनतळ नको. हलत्या लोखंडाने प्रतिमा बिघडते. चुंबक थंड ठेवणारे उणे 269 अंशांचे द्रव हेलियम एकाएकी उकळले, तर त्याचा वायू सातशेहून अधिक पट जागा व्यापतो. हा वायू बाहेर सोडणाऱ्या नळाचे तोंड कुणाच्या खिडकीजवळ उघडता कामा नये.

जानेवारी 2018 मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसह एमआरआयच्या खोलीत गेलेल्या, रुग्णाच्या नातेवाइकाचा चुंबकाने सिलिंडर खेचल्यामुळे मृत्यू झाला. अशा वेळी दारावरच्या माणसाकडे बोट दाखवले जाते. पण आमच्या मते सिलिंडर त्या दारापर्यंत पोहोचूच नये, अशी मधली खोली नकाशातच हवी, जिथे रुग्णाला लोखंड नसलेल्या स्ट्रेचरवर घेता येईल आणि पुढचा ऑक्सिजन भिंतीतल्या नळीतून मिळेल.

सीटी स्कॅनचे गणित वेगळे आहे. तेथे क्ष-किरण असल्याने भिंतींची जाडी, शिशाचे दार आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना या गोष्टी ओघाने येतातच. खरा प्रश्न अंतराचा आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध देण्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते, आणि तोवर प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात. म्हणून सीटी अपघात विभागाच्याच मजल्यावर हवे.

आता पडद्यावर दोन वॉर्डबॉय सलाइनचा स्टँड लावलेले रिकामे स्ट्रेचर सीटीकडे जाणाऱ्या वाटेने नेत आहेत. कोपऱ्यावर त्याचे मागचे चाक भिंतीला घासते. वास्तुविशारद थांबतात, टेप धरतात आणि नकाशावरची ती भिंत पेन्सिलीने मागे सरकवतात.