म्हाताऱ्या मांजराचा मधुमेह

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं बारा-चौदा वर्षांचं मांजर सारखं पाण्याच्या भांड्यापाशी दिसू लागलं, त्याची लघवी वाढली, पोटभर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. हा मधुमेह असू शकतो. पण थायरॉइड वाढलेल्या मांजराचंही असंच होतं, आणि मूत्रपिंडं थकली तरी तहान वाढते, वजन उतरतं. म्हातारपणी हे तिन्ही आजार मांजरांत नेहमी दिसतात, कधी कधी एकत्रही. म्हणून साखर जास्त निघाली की तपासण्या तिथेच थांबवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. थायरॉइड, मूत्रपिंड, लघवीतला जंतुसंसर्ग, दात, रक्तदाब हे सगळं एकदा पाहून घ्या.

साखरेचा आकडासुद्धा जपून वाचावा लागतो. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही बरीच चढते. अशा वेळी फ्रुक्टोसामाइनची, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेची, तपासणी करतात. तिच्यावरून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. मात्र थायरॉइड वाढलेला असेल, तर शरीरातली प्रथिनं लवकर मोडतात आणि हा आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. त्यामुळे घरच्या घरी कानाच्या कडेवरचा रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजायला शिकाल, तर फार उपयोग होईल. बहुतेक मांजरं ते मुकाट्याने करू देतात.

आता इन्सुलिन. मांजराला ते बहुधा दर बारा तासांनी, कातडीखाली देतात. सुई अगदी बारीक असते, तिची धास्ती घेऊ नका. धास्ती घ्यायची ती सिरिंजच्या घोटाळ्याची. इन्सुलिन एका मिलिलिटरला 40 युनिटचं असतं आणि 100 युनिटचंही, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. 100 युनिटचं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं, तर डोस थेट अडीचपट होतो. दर वेळी नवी बाटली, नवं पाकीट आणलं की दोन्हींवरचा आकडा ताडून पाहा.

म्हाताऱ्या, आजारी मांजराची साखर अगदी तरुण मांजरासारखी राखायचा हट्ट मला मान्य नाही. रक्तातली साखर साधारण 270 मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. दिवसातला बराचसा वेळ ती त्याच्या खाली राहिली, तहान आटोक्यात आली, वजन टिकलं, तर पुष्कळ साधलं. साखर चढलेली राहिली तर तब्येत हळूहळू खालावते. ती एकदम उतरली तर तासाभरात जीव जाऊ शकतो. मूत्रपिंडं थकलेली असतील तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून तिथे डोस अधिकच जपून वाढवावा. मांजर लडखडलं, गळून पडलं, झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल.

खाण्याचा पेच सगळ्यांत अवघड. मधुमेहाला हवं भरपूर प्रथिनांचं, कमी पिष्टाचं अन्न. मूत्रपिंडाच्या आजारात हवं कमी फॉस्फरसचं, आणि त्या तयार खाण्यात प्रथिनं कमी नि पिष्ट बहुधा जास्त. दोन्ही एका ताटलीत कसं बसवायचं? मूत्रपिंडाचा आजार पुढे गेलेला असेल तर बहुतेक वेळा त्याचं पथ्य आधी पाळतात आणि साखर इन्सुलिनने सांभाळतात. आजार सुरुवातीचा असेल, तर कमी पिष्टाचं ओलं खाणं चालू ठेवून फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध देता येतं. पण मांजर पथ्याचं खात नसेल, तर ते जे खाईल ते द्या. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि दोन-चार दिवसांत नवंच संकट उभं राहतं. इथे पथ्यापेक्षा पोट मोठं.

दमा किंवा आतड्याच्या सुजेसाठी स्टिरॉइड चालू असेल तर शरीर इन्सुलिनला नीट जुमानत नाही. पण स्टिरॉइड मनाने बंद करू नका. दम्यासाठी मास्क लावून ओढायचं औषध चालेल का, हे विचारा. किडलेला दात काढला, लघवीतला संसर्ग बरा झाला, की इन्सुलिनची गरज अचानक घटू शकते. त्या दिवसांत साखर जास्त वेळा मोजा.

अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये मांजरांसाठी तोंडाने द्यायची दोन नवी औषधं मंजूर झाली. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. सुई टळते, म्हणून मोह होतो. पण अशक्त, खाणं सोडलेल्या, स्वादुपिंडाची सूज किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार असलेल्या मांजराला ती चालत नाहीत, आणि इन्सुलिन घेत असलेल्याला तर नाहीतच. साखर सामान्य दिसत असतानाही रक्तात घातक आम्लता वाढू शकते.

एक प्रश्न मात्र आजच पशुवैद्यांना विचारून कागदावर लिहून घ्या: एखाद्या सकाळी मांजराने निम्मंच खाल्लं, किंवा उलटी केली, तर त्या वेळचा डोस किती द्यायचा, की द्यायचाच नाही? तो कागद इन्सुलिनजवळच ठेवा. तुम्ही घरी नसाल तेव्हा सुई देणाऱ्यालाही तो सापडला पाहिजे.