मुंबईच्या गॅलऱ्या आणि आमचे नाना रंगारी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या खानदेशातून रोज रात्री किती माणसं मुंबईची गाडी धरतात बघा. कोणाची मंत्रालयात फाईल अडकलेली असते, कोणी पेशंट घेऊन टाटाला निघालेलं असतं, कोणाची लेक डोंबिवलीला दिलेली असते. फाईलवाल्याचं काम दुपारी बारापर्यंत होतं, नाहीतर होतच नाही. परतीची गाडी रात्रीची. मधला अख्खा दिवस माणूस गेटवेच्या कट्ट्यावर शेंगा सोलत बसतो. त्या रिकाम्या दिवसाविषयी आज बोलायचं आहे.

मंत्रालयातून निघालात तर पंधरा-वीस मिनिटं चालायचं, सीएसएमटीवरून निघालात तरी तेवढंच. की काळा घोडा नावाचा भाग लागतो. तिथे जहांगीर आर्ट गॅलरी आहे, 1952 सालची. आत जायला तिकीट नाही. पुन्हा सांगतो, तिकीट नाही. सकाळी अकराला उघडते, संध्याकाळी सातला बंद होते. दर आठवड्याला नवीन चित्रं लागतात आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला असतो. ही भिंत मिळायला त्याने काही वर्षं वाट पाहिलेली असते, त्यामुळे तुम्ही दोन प्रश्न विचारलेत तर त्याला बरंच वाटतं. जवळ वही ठेवलेली असते. तिच्यात नुसतं ‘छान’ लिहू नका, काय आवडलं ते लिहा. बाहेर फुटपाथवरही चित्रकार चित्रं मांडून बसतात, समोर बसवून तुमचं पोर्ट्रेट काढून देतात. तिथे भाव करता येतो.

जहांगीरमध्ये पूर्वी समोवार नावाचं चहाघर होतं, 1964 पासूनचं. 2015 साली ते बंद झालं. गप्पा मारायला जागा असते तिथेच चित्रकला वाढते, असं माझं स्पष्ट मत आहे. जळगावात आपल्याला नाट्यगृह मिळालं, पण त्याच्या आवारात दोन तास बसू देणारा चहावाला मिळाला का? असो.

मुंबईची चित्रकला आपल्याला परकी वाटावी असं काही नाही. उलट तीच आधी आपल्या वाटेने आली. 1872 नंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या नकला करून घेत होते. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्याच काळात तिथे शिकून तयार झाले. पुढे 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे. यातले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे, म्हणजे आपल्या शेजारच्या वऱ्हाडातले.

आता खरी अडचण. जहांगीरमध्ये कोणीही बिनधास्त शिरतं. पण आजची, अगदी या वर्षातली कला बघायची असेल तर ती फोर्ट आणि कुलाब्याच्या खाजगी गॅलऱ्यांत असते. केमोल्ड 1963 साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली, 2007 पासून ती फोर्टात प्रेस्कॉट रोडवर आहे. कुलाब्यात प्रोजेक्ट 88 आहे, जुन्या छापखान्याच्या जागेत. या गॅलऱ्या जुन्या इमारतींत असतात. लाकडी जिना, वर काचेचं किंवा बंद दार, बाजूला बेल. आपला माणूस इथूनच माघारी फिरतो. आपल्याला काही विकत घ्यायचं नाही, मग कशाला आत जा? तर श्रोतेहो, बेल दाबा. तिथेही तिकीट नाही. बघायला येणारा माणूस त्यांना हवाच असतो. टेबलावर प्रदर्शनाच्या माहितीचा कागद असतो, तो मागून घ्या. किमतीची यादी मागितलीत तरी कोणी हसत नाही. चित्राशेजारी लाल ठिपका दिसला की ते विकलं गेलं.

यावरून आमच्या नानांची गोष्ट सांगतो.

नाना म्हणजे अमळनेरचे रंगारी. सगळी हयात घरं रंगवली, दुकानांच्या पाट्या लिहिल्या, आणि दर निवडणुकीला भिंती. उमेदवाराचं नाव, निशाणी, खाली ‘प्रचंड बहुमतांनी’ वगैरे. निवडणूक झाली की तीच भिंत पांढरी करायचं कामही नानांकडेच. ‘लिहायचे एक पैसे, पुसायचे वेगळे,’ असा त्यांचा हिशोब. त्यांच्या नातवाच्या नोकरीच्या कामासाठी आम्ही दोघं मुंबईला गेलो होतो. काम लवकर आटोपलं आणि मी त्यांना कुलाब्यातल्या एका गॅलरीत नेलं. नाव सांगत नाही, कारण पुढे येईल.

आत एका भिंतीवर चार-पाच चित्रं टांगलेली होती. समोरच्या सबंध भिंतीवर मात्र कॅनव्हास नव्हता, कागद नव्हता. भिंतीवरच कोळशाने चित्र काढलं होतं. एक मोठी विहीर, तिच्या कठड्यावर उभ्या बायका, आणि बायकांच्या डोक्यावर घागरींच्या जागी घरं. छताला टेकेल एवढं चित्र. नाना त्याच्याकडे न बघता आधी कॅनव्हासपाशी गेले, खिशातून टेप काढला (हो, टेप त्यांच्या खिशात असतोच) आणि हात न लावता हवेतच माप घेतलं. मग टेबलावरच्या मुलीकडून किमतीची यादी घेतली. पाच बाय चार, वीस फूट. किंमत तीन लाख. नाना मला म्हणाले, “भाऊ, फुटले पंधरा हजार!” म्हणजे एका फुटाला. नानांचा स्वतःचा दर तेव्हा लांबी भरून, प्रायमर मारून, वर दोन हात इमल्शन, असा सगळा मिळून फुटाला पंचवीस रुपये होता.

मला वाटलं, आता इथे आपली शोभा होणार. पण ती मुलगी म्हणाली, “काका, तुमचं बरोबर आहे. नवीन चित्रकारांचा भाव आम्हीही पुष्कळदा आकारावरूनच काढतो. मोठं चित्र, मोठी किंमत. नाव झालं की फुटाचा दर वाढतो.” नानांनी मान डोलावली. म्हणाले, “आमच्यातबी तसंच शे. पाटी लिहिणाऱ्याचं अक्षर चाललं की दर वाढस.” मग दोघांचं जे जमलं, ते जमलंच. मी आपला बाजूला उभा.

तेवढ्यात आतून दोन पोरं बादली, रोलर आणि शिडी घेऊन आली. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता आणि भिंतीवरचं ते चित्र पुसून भिंत पांढरी करायची होती. चित्रकार बाईही तिथेच होत्या, तिशीच्या आत-बाहेर. त्यांनी ते आधीच ठरवलेलं होतं. चित्र महिनाभर राहील, मग जाईल, विकायचं नाही. नानांना यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांचं सगळं लिखाण असंच पुसलं गेलेलं.

नवल पुढे झालं. पोराने रोलर पाण्यातल्या रंगात बुडवला आणि थेट कोळशावर फिरवला. झालं! पांढरा रंग आणि सुटा कोळसा एक होऊन भिंतीवर राखाडी चिखल खाली ओघळायला लागला. पोराने आणखी जोर लावला, चिखल आणखी पसरला. नाना ओरडलेच, “अरे, कोयसा शे तो! पानी लावू नका! पहिले कोरडं झटकी ल्या!”

सगळी गॅलरी वळून बघायला लागली. नानांनी चपला काढल्या, पँट दुमडली, पोराच्या हातातून रोलर घेतला आणि बाजूला ठेवला. मऊ झाडू मागितला. वरून खाली, एकाच दिशेने भिंत झाडली. कोळशाची भुकटी खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडत होती. मग कोरड्या फडक्याने टिपून घेतलं. घासायचं नाही, टिपायचं. घासलं की काळं प्लास्टरच्या आत जातं. मग म्हणाले, “ऑइल प्रायमर आणा. पाण्याचा चालणार नाही, काळं पुन्हा वर येईल.” एक पोरगा खाली धावला. तो येईपर्यंत नाना भिंतीसमोर मांडी घालून बसले आणि उरलेल्या अर्ध्या चित्राकडे पहिल्यांदा नीट बघायला लागले.

बराच वेळ बघितलं. मग चित्रकार बाईंना म्हणाले, “ताई, ही उजवीकडची बाई तुम्ही डाव्या हाताने काढली का?” बाई चकित. उजव्या खांद्याला लागलं होतं म्हणून तो भाग त्यांनी खरंच डाव्या हाताने काढला होता. नानांनी रेघेचा ओढा ओळखला होता. शिडीवर उभं राहून, एका हाताने शिडी धरून उरलेल्या हाताने पाट्या लिहिणाऱ्या माणसाला तो ओळखता येणारच. मग बाईंनी खाली बसून त्यांना सगळं चित्र समजावलं. विहीर का, घरं का, त्यांचं गाव धरणात कसं गेलं. नाना हतनूरचं, गिरणेचं सांगायला लागले. प्रायमर आला तरी दोघं बोलतच होते. शेवटी पोरंच कंटाळली.

भिंत नानांनीच पांढरी केली. प्रायमरचा एक हात मारून झाला, मग आम्ही खाली जाऊन वडापाव खाल्ला. वर येऊन नानांनी पोरांना बजावलं, प्रायमर रात्रभर वाळू द्या, मग रंगाचे दोन हात. गॅलरीवाल्यांनी पैसे विचारले. नाना म्हणाले, “पुसायचे वेगळे असतात, पण पुसायच्या आधी मी फुकट बघितलं ना. फिटलं.” त्यांनी नानांना प्रदर्शनाचं पुस्तक दिलं. ते आता अमळनेरला त्यांच्या दुकानात रंगाच्या शेडकार्डांबरोबर ठेवलेलं आहे, आणि गिऱ्हाईक शेड निवडायला बसलं की नाना ते आधी दाखवतात.

श्रोतेहो, गोष्टीत वेळ बराच गेला, आता थोडक्यात. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टही काळ्या घोड्यापासून जवळच आहे. इमारत 1911 सालचं सभागृह, गॅलरी 1996 पासून. गोल फिरत वर जायचं, सगळ्यात वर घुमट. तिथे तिकीट आहे, पण थोडकं. सोमवारी बंद. खाजगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद. म्हणजे काय, तर रविवार-सोमवार सोडून जा. लक्षात ठेवा, रविवार-सोमवार सोडून.

कोणाची चित्रं आधी बघावीत असं विचाराल, तर मी सुधीर पटवर्धनांचं नाव सांगेन. 2005 पर्यंत ठाण्यात डॉक्टरकी, एक्स-रे बघायचं काम, आणि चित्रांत लोकलची गर्दी, इराणी हॉटेलात बसलेला माणूस, गिरणगाव. त्यातला चेहरा तुम्हाला ओळखीचा वाटेल. आणि भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 सालची इमारत. तिथे जुन्या वस्तूंच्या कपाटांमध्येच आजचे कलाकार आपलं काम मांडतात. लहान मुलं बरोबर असतील तर तिथेच न्या. बाग बघून होते, चित्रंही बघून होतात.

एक तक्रार मात्र बोलून घेतो. मुंबईतल्या बहुतेक खाजगी गॅलऱ्यांत भिंतीवरचा मजकूर फक्त इंग्रजीत असतो. मुंबई महाराष्ट्रात आहे. चार ओळी मराठीत लावायला किती खर्च येतो? आपल्याकडे पोरं एलिमेंटरी, इंटरमिजिएट अशा चित्रकलेच्या परीक्षा देतात, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळवतात, आणि गुण मिळाले की कंपासपेटी बंद ती बंद. त्या पोरांना आई-बापांनी एकदा तरी असा जिना चढवायला हवा. तिथे मराठीत लिहिलेलं नसेल तर वहीत मराठीतून लिहून या, म्हणजे त्यांना कळेल कोण येऊन गेलं.

जाताना चाळीसगावला उतरायला जमलं, तर स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. फोटो, चित्रं, शिल्पं. मुंबईच्या तयारीला ते उत्तम. जानेवारीत गेलात तर मुंबई गॅलरी वीकेंड असतो. त्या दिवसांत या गॅलऱ्या एकदम नवीन प्रदर्शनं उघडतात आणि रविवारीही चालू असतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला काळा घोडा महोत्सवही असतो, पण त्याला गर्दी फार. मी तरी गॅलरी वीकेंडच सांगेन. परतीचं रिझर्वेशन मात्र आधी काढून ठेवा, लग्नसराईत विदर्भ एक्स्प्रेसला जागा मिळत नाही.

नमस्कार.