क्लॉप तळाला असताना

(दृश्य: डॉर्टमुंडचं मैदान, दक्षिणेकडचा पिवळाधमक स्टँड)

2014 च्या त्या हंगामात जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंड या फुटबॉल क्लबचं नेमकं काय बिनसलंय, हे कळायला मार्ग नव्हता. युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हाच संघ इंग्लंडच्या आर्सेनलला हरवत होता, गटात पहिला येत होता. आणि बुंडेसलीगात, म्हणजे घरच्या जर्मन लीगमध्ये, उतरला की हरत होता. शाल्क, हॅम्बुर्ग, कोलोन, हॅनोव्हर, बायर्न. ओळीने पाच पराभव.

प्रशिक्षक होता युर्गेन क्लॉप. 2011 आणि 2012 साली याच क्लबला त्याने सलग दोनदा विजेतेपद मिळवून दिलं होतं.

त्याच्या संघाची रीत ठरलेली. चेंडू गेला की मागे पळायचं नाही, तिथल्या तिथे तुटून पडायचं आणि तो हिसकावून घ्यायचा. यासाठी पायात दम लागतो. पण त्या उन्हाळ्यात विश्वचषक झाला होता. जिंकून आलेले जर्मन खेळाडू उशिरा सरावाला आले. मार्को रॉइसचा घोटा पुन्हा पुन्हा दुखावत होता. हमखास गोल करणारा लेवांडोव्हस्की तर थेट बायर्नकडे गेला होता. आणि प्रतिस्पर्धीही शहाणे झाले होते. चेंडू डॉर्टमुंडकडेच राहू द्यायचा, आपण मागे दाटीवाटीने उभं राहायचं. मग हिसकावणार काय?

पराभवांची ही मालिका तुटली तीही विचित्र रीतीने. 9 नोव्हेंबरला प्रतिस्पर्धी ग्लॅडबाख संघाच्या क्रिस्टोफ क्रामरने जवळपास 45 मीटरवरून आपल्याच गोलरक्षकाकडे चेंडू मारला आणि तो त्याच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. 1-0. डॉर्टमुंडच्या खेळाडूला स्वतः गोल करता आलाच नाही!

नाताळच्या सुट्टीला संघ अठरापैकी सतराव्या स्थानावर होता, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण्याच्या जागेवर.

(दृश्य: 4 फेब्रुवारी 2015, सामना संपल्यानंतरचा स्टँड)

ऑग्सबर्गचा एक खेळाडू रेड कार्ड मिळून बाहेर गेलेला, तरी घरच्या मैदानावर 0-1. डॉर्टमुंड गुणतालिकेत शेवटचं. निषेधाच्या शिट्ट्यांनी स्टेडियम दणाणून गेलं. तेव्हा गोलरक्षक वाइडेनफेलर आणि कर्णधार हुमेल्स दक्षिण स्टँडच्या कुंपणापाशी गेले, वर चढले आणि संतापलेल्या माणसांशी तोंडातोंडी बोलले. खाली मान घालून ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात शिरणं सोपं होतं.

अशा वेळी बळी जातो तो प्रशिक्षकाचा. अकरा खेळाडू बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं स्वस्त पडतं. डॉर्टमुंडच्या व्यवस्थापनाने ते केलं नाही, आणि त्या हंगामातला सर्वांत मोठा निर्णय माझ्या मते हाच होता. पुढचे चार सामने संघाने जिंकले. फ्रायबुर्ग, माइन्झ, श्टुटगार्ट आणि मग कट्टर वैरी शाल्क, 3-0.

घसरण्याचा धोका टळला होता. खुर्ची शाबूत होती, करारही 2018 पर्यंतचा होता. आणि तरीही 15 एप्रिलला क्लॉपने जाहीर केलं, हंगाम संपला की मी जाणार. या क्लबसाठी आपणच योग्य प्रशिक्षक आहोत, याची त्याला आता खात्री वाटत नव्हती. कुणीही जा म्हटलेलं नसताना त्याने हे सगळ्यांसमोर सांगितलं. याला मोठं काळीज लागतं.

शेवटच्या दिवशी डॉर्टमुंड सातवं आलं. जर्मन कपची फायनल गाठली, पण तिथे वोल्फ्सबुर्गने 3-1 ने हरवलं. ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलने क्लॉपला बोलावून घेतलं.